आकड्यांची उलटतपासणी

जळगावाहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहूर हे गाव लागते. जामनेर तालुक्यातील ह्या गावाचे पेठ व कसबे असे दोन भाग असून, पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची आगगाडी चालत होती तोवर येथे तिचे स्टेशन होते. अजिंठ्याच्या लेण्यांना वळसा घालून आलेली वाघूर नदी ह्याच मुलखातून उत्तरेस तापीकडे जाते, आणि खालच्या अंगास तिला धरण बांधलेले आहे. आता ह्या भागातील शंभर एकर पिकांपैकी किती एकरांस खरोखर पाणी मिळते, असा प्रश्न कोणी केला, तर त्याचे उत्तर काय द्यावे? पाटबंधारे खात्याच्या कागदांत एक आकडा सापडेल, शेतीखात्याच्या कागदांत दुसरा, आणि बांधावर उभा असलेला शेतकरी कदाचित तिसरेच सांगेल. ह्या तिहींचा मेळ घालून पाहणे, आणि तो बसत नसल्यास का बसत नाही हे शोधून काढणे, ह्या उद्योगास हल्ली शोधपत्रकारिता म्हणतात. तिचीच एक शाखा आकडेवारीवर चालते. शोधपत्रकार म्हणजे अंधाऱ्या जिन्यात कोणाची तरी वाट पाहणारा मनुष्य, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याचा बराचसा काळ सरकारने स्वतः छापलेली आणि कोणी न उघडलेली पुस्तके वाचण्यात जातो.

महाराष्ट्राला ह्याचा प्रत्यय २०१२ साली आला. 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' हे पुस्तक दर वर्षी अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळापुढे ठेवण्यात येते. ते जाड, रुक्ष आणि कोष्टकांनी भरलेले असते. २०११-१२ च्या पाहणीवरून असे दिसले, की एकंदर पिकांखालील क्षेत्रापैकी ओलिताचे क्षेत्र २०००-०१ साली शेकडा १७.८ होते, ते २००९-१० साली शेकडा १७.९ झाले. दहा वर्षांत वाढ एक दशांशाची! आणि त्याच काळात पाटबंधाऱ्यांवर सुमारे ७०,००० कोटी रुपये खर्च झाल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होत होते. हे दोन आकडे जोवर निरनिराळ्या पुस्तकांत होते, तोवर कोणाची झोप मोडली नव्हती. ते शेजारी शेजारी मांडले गेले आणि राज्यभर गहजब झाला. मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी कामांचा दर्जा व फुगविलेले खर्च यांविषयी सरकारास लिहिलेले पत्रही त्याच वर्षी बाहेर आले. सप्टेंबरात उपमुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, जरी डिसेंबरात ते त्याच पदावर परत आले; नोव्हेंबरात सरकारने श्वेतपत्रिका काढली; आणि पुढे जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या समितीने २०१४ साली आपला अहवाल दिला.

परंतु केवळ दोन आकडे शेजारी ठेवले म्हणजे काम झाले, असे मानणाऱ्या पत्रकाराची फजिती ठरलेली. शेकडा प्रमाण हे भागाकाराचे फळ आहे. वरची संख्या वाढली आणि तिच्याबरोबर खालचीही वाढली, तर उत्तर जागचे हलत नाही. म्हणून प्रत्यक्ष हेक्टर किती होते, हे आधी पाहिले पाहिजे. दुसरे असे, की पाटबंधारे खाते 'निर्माण झालेली सिंचनक्षमता' मोजते. म्हणजे धरण भरले, कालवा पुरा झाला आणि पाणी सुटले, तर इतकी जमीन भिजू शकेल, असा तो हिशेब आहे. शेतीखात्याच्या हिशेबात प्रत्यक्ष भिजलेली जमीन येते, आणि तिच्यात विहिरीवर भिजलेली जमीनही धरलेली असते. घरात दहा पाने मांडण्याइतकी ताटे आहेत, म्हणून दहा माणसे जेवली असे कोणी गृहिणी म्हणणार नाही. पण सरकारी वादात हा घोटाळा कित्येक महिने चालला. ज्या पत्रकारांनी ह्या दोन व्याख्यांतील अंतर समजावून सांगितले, त्यांची कामगिरी आमच्या मते मोठमोठे मथळे देणारांपेक्षा अधिक मोलाची होती. नंतरच्या काही पाहण्यांत ओलिताच्या त्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असे छापून येऊ लागले. रिकामा रकाना हीदेखील एक बातमीच असते, आणि ती कित्येकदा भरलेल्या रकान्याहून मोठी असते.

ही विद्या पश्चिमेकडून आयती आली, असे मात्र कोणी समजू नये. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपली माणसे जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवून गावोगावची माहिती आणविली. धान्याचा भाव काय, गुरे किती मेली, लोक गाव सोडून गेले काय, दुष्काळी कामांवर मजुरी काय मिळते, ही माहिती सभा सरकारास लिहून कळवी, आणि पुढे ती तिच्या त्रैमासिकात छापली गेली. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरीचा पाया दिवसाला एक पौंड धान्यावर आणला, तेव्हा तेवढ्यावर कष्टकरी मनुष्य जगत नाही, असे सभेने साधार मांडले. सार्वजनिक काका व न्यायमूर्ती रानडे यांच्या त्या पत्रांत आवेशापेक्षा गावांची नावे आणि भाव अधिक आहेत, म्हणूनच ती आजही उपयोगी पडतात.

त्याच पुण्यात पाच वर्षांनी उलट बाजूचा धडाही मिळाला. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविरुद्ध 'केसरी' व 'मराठा' यांनी काही पत्रांच्या आधारे मजकूर छापला. अब्रुनुकसानीचा खटला झाला. पत्रे बनावट ठरली. आणि १८८२ साली टिळक व आगरकर यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. हेतूविषयी कोणालाच शंका नव्हती. कागदाविषयी ती वेळेवर घेतली गेली नाही, एवढेच. आज कागद हाती आला की तो कोणी दिला, त्यास त्यात काय लाभ, मूळ प्रत कोठे आहे, हस्ताक्षर वा शिक्का दुसऱ्या निर्विवाद कागदाशी जुळतो काय, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे काय, हे सारे छापण्यापूर्वी विचारले जाते.

कागदांची रास वाढली तशी साधनेही पालटली. २०१५ साली पनामातील एका वकिली पेढीचे १ कोटी १५ लाख कागद एका जर्मन वृत्तपत्राच्या हाती पडले. एकट्याने ते वाचावयाचे म्हटले तर जन्म पुरला नसता. सुमारे ८० देशांतील साडेतीनशेहून अधिक पत्रकारांनी ते संगणकात घालून, छापील चित्रांचे शोधता येणाऱ्या अक्षरांत रूपांतर करून, जवळजवळ वर्षभर गुप्तपणे वाचले. भारतातर्फे त्यांत 'इंडियन एक्स्प्रेस' होता. परदेशी कंपनीत नाव असणे हाच गुन्हा नव्हे, ही जाणीव त्यांतील चांगल्या लेखकांनी सुटू दिली नाही.

वाघुरेच्या प्रश्नाकडे वळावयाचे, तर त्यास उपयोगी असे एक साधन आता आकाशात आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ ह्या उपग्रहांनी काढलेली पृथ्वीची चित्रे २०१५ पासून कोणासही फुकट पाहता येतात. साधारण पाच दिवसांनी नवे चित्र येते, आणि त्यात दहा मीटर लांबीरुंदीचा तुकडा ओळखू येतो. मार्च महिन्यात धरणात पाणी कोठवर आहे आणि हिरवी शेते कोणती, हे त्यावरून दिसते. पावसाळ्यात ढग आड येतात, तो भाग निराळा. परंतु दिसणारे हिरवे रान कालव्याच्या पाण्याचे की विहिरीच्या, हे उपग्रहास सांगता येत नाही. त्यासाठी शेतावरच जावे लागते, सातबारावरील पीकपाहणी पाहावी लागते, आणि शेतकऱ्याशी दोन घटका बोलावे लागते.

उरलेले कागद मागून मिळतात. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ साली केला. देशाचा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आहे. साध्या कागदावर अर्ज लिहून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावला म्हणजे पुरते, आणि अर्ज का करता हे सांगण्याचे बंधन नाही. मात्र "सिंचनाची सर्व माहिती द्यावी" असे लिहू नये. तशा अर्जाला गठ्ठा तरी येतो, नाही तर नकार. अमुक कालव्यावर अमुक वर्षाच्या रब्बी हंगामात किती पाळ्या सुटल्या, प्रत्येक पाळीत किती हेक्टर भिजल्याची नोंद आहे, आणि पाणीपट्टी किती वसूल झाली, असे नेमके विचारावे. पाणीपट्टीचा आकडा विशेष पाहावा, कारण भिजलेले क्षेत्र फुगवून लिहिणे सोपे असते, पण न आलेले पैसे जमेस धरणे कारकुनास जड जाते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास त्याच कार्यालयातील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते.