जेवणाच्या टेबलावरची गुणसूत्रं

शिकागोतल्या आपल्या घरी, जेवणाच्या टेबलावर जॅनेट राउली फोटो कापत बसायच्या. कात्रीनं एकेक गुणसूत्र सुटं करायचं, जोड्या लावायच्या, अंगावरचे पट्टे निरखायचे. आई कागदी बाहुल्या खेळते म्हणून मुलं चिडवायची. १९७३ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात २२व्या गुणसूत्राचा तुकडा हरवत नाही, तो ९व्याला जाऊन चिकटतो. ते गुणसूत्र आखूड असल्याचं फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांनी १९६० मध्येच पाहिलं होतं.

‘यातून औषध कोणतं निघणार?’ असं तेव्हा कुणी विचारलं असतं, तर तिघांकडेही उत्तर नव्हतं.

पुढे कळलं, की या जोडकामातून एक बिघडलेलं एन्झाइम तयार होतं आणि ते पेशीला थांबूच देत नाही. त्याच्या खाचेत नेमकी बसणारी इमॅटिनिबची गोळी अमेरिकेत मे २००१ मध्ये मंजूर झाली. काही वर्षांत जीव घेणारा हा आजार आज बहुतेकांना रोजच्या गोळीवर आटोक्यात ठेवता येतो. पहिल्या निरीक्षणापासून गोळीपर्यंत ४१ वर्षं!

एवढं थांबायचं कुणी? १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी हाच सवाल केला होता: मूलभूत संशोधनावर जास्तच जोर जातोय का? त्यावर ज्युलियस कॉमरो आणि रॉबर्ट ड्रिप्स यांनी हृदय व फुप्फुसांच्या उपचारांतल्या दहा मोठ्या टप्प्यांची मुळं खणली. १९७६ मध्ये त्यांनी मांडलं, की ५२९ महत्त्वाच्या शोधनिबंधांपैकी ४१ टक्के लिहिले गेले तेव्हा त्यांचा रुग्णोपचाराशी संबंधच नव्हता. तरी ओढाताण संपली नाही. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं, एनआयएचनं, शोध उपचारांपर्यंत नेण्यासाठी वेगळं केंद्रच काढलं.

अशा केंद्रांना माझा विरोध नाही. ब्रायन ड्रुकर यांच्यासारख्या डॉक्टरांनी चिकाटी धरली नसती, तर इमॅटिनिब रुग्णांच्या हाती पडलंच नसतं. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, त्याची घाई रास्तच आहे. पण त्या घाईसाठी मूलभूत संशोधनाच्या ताटातलं काढून घेऊ नये.

कारण काही रुग्णांत इमॅटिनिब चालेनासं होतं. त्या एन्झाइमची ठेवण बदलते आणि गोळी खाचेत बसत नाही. हे प्रयोगशाळेत उलगडलं, तेव्हा कुठे २००६ मध्ये डॅसॅटिनिब हे पुढचं औषध आलं.