खेळांतील कथा आणि खेळणाराचें स्वातंत्र्य

गोंदिया, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टींत धानाची कापणी उरकली कीं नाटकांचे दिवस येतात. मंडपांत रात्रभर नाटक चालतें. प्रेक्षक हंसतो, डोळे पुसतो, परंतु उठून नायिकेला सावध करणें कांहीं त्याच्या हातीं नसतें. व्हिडिओ गेमनें नेमका हाच निर्बंध दूर केला. येथें पाहणारा तोच पात्र होतो. साहजिकच त्याला दोन गोष्टी हव्या असतात: रंगलेली कथा आणि मनसोक्त हिंडण्याची मुभा. या दोहोंचा मेळ घालणें किती कठीण आहे, हें दोन खेळांवरून दिसून येतें.

पहिला खेळ पोलंडमध्यें तयार झालेला, २०१५ सालचा 'द विचर ३'. गांवें, अरण्यें, दलदली, नगरें, सारें मोकळें. हवें तेव्हां हवें तिकडे जावें. वाटेंत भेटणाऱ्या किरकोळ कामांनाहि स्वतःची कथा आहे, आणि आज घेतलेल्या निर्णयाचें फळ पुष्कळ पुढें भोगावें लागतें. हें त्याचें खरें सामर्थ्य. परंतु नायक गेराल्ट निघाला आहे तो मुलीसारख्या वाढविलेल्या सिरीच्या शोधांत. तिच्या जिवावर बेतलें असतांहि खेळणारा गांवोगांव पत्ते खेळत बसला तरी चालतें; कथा निमूटपणें त्याची वाट पाहते! स्वातंत्र्य वाढलें, तशी कथेची निकड सैल पडली. शिवाय हिंसा व उत्तान प्रसंग यांमुळें हा खेळ प्रौढांसाठींच आहे.

दुसरा खेळ पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहानशा संस्थेचा, २०२० सालचा 'राजी'. असुरांनीं पळविलेल्या गोलू या धाकट्या भावाला शोधणारी राजी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णु यांच्या संवादांतून कथा उलगडते. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपानें येतात. राजस्थानी वाड्यांची आठवण देणारी त्यांतील वास्तुरचना पाहतच राहावी अशी आहे. त्या वर्षीं जागतिक 'गेम अवॉर्ड्स'मध्यें उत्कृष्ट पदार्पणासाठीं त्याचें नामांकन झालें. येथें वाट एकच असल्यामुळें बहिणीची तळमळ कोठेंहि ओसरत नाहीं. मात्र त्या सुंदर भिंतींमागें डोकावतां येत नाहीं, लढाया कांहींशा अवघडलेल्या वाटतात, आणि थोड्याच तासांत खेळ संपून शेवट अर्धवट राहिल्यासारखा होतो.

मग श्रेष्ठ कोणता? जग विस्तीर्ण करणें एकवेळ सोपें. त्यांतील प्रत्येक गांवांत बोलणारीं, रुसणारीं, आठवण ठेवणारीं माणसें वसविणें दुर्घट व खर्चाचें. तीं नसतील तर मोकळें मैदान हें नुसतें ओसाड मैदान. म्हणून खेळाची पारख करतांना त्याचा नकाशा मोजूं नये. आडवाटेला वळणाराला तेथें कांहीं गवसतें काय, आणि परत आल्यावर कथेनें त्याची दखल घेतली काय, हेंच पाहावें.