अंतराचा दर आणि स्पर्शिकेचा चढ

आरंभबिंदूभोवतीचं वर्तुळ घ्या. ध्रुवीय सहनिर्देशकांत त्याचं समीकरण एवढंच : आर = ५. केंद्रापासूनचं अंतर बदलतच नाही, म्हणून थीटा या कोनानुसार आरच्या बदलाचा दर सर्वत्र शून्य. पण स्पर्शिका काही सर्वत्र आडवी नसते. उजव्या टोकाला ती चक्क उभी असते. अवकलज म्हणजे चढ, हे इतकं अंगवळणी पडलेलं असतं की विद्यार्थी हमखास इथेच चकतो. कोन किंचित वाढला तर बिंदू केंद्रापासून किती दूर वा जवळ सरकतो, एवढंच हा दर सांगतो. चढ हवा असेल तर एक्स = आर कॉस थीटा आणि वाय = आर साइन थीटा मांडून दोन्हींचे थीटानुसार दर काढायचे आणि वायच्या दराला एक्सच्या दराने भागायचं. आर = १ + कॉस थीटा या हृदयाकार वक्राचा सर्वांत उंच बिंदू ६० अंशांवर येतो. तिथे अंतर १.५ आणि त्याचा दर सुमारे उणे ०.८७, म्हणजे बिंदू केंद्राकडे सरकतो आहे. कोन वाढल्याने उंचीच्या दरात पडणारी भर ०.७५ आणि अंतर घटल्याने होणारी तूटही ०.७५. दोन्हींची फिटंफाट होते आणि स्पर्शिका आडवी होते.

शिकवणं बरेचदा या सूत्रापाशी थांबतं, याची खंत वाटते. ध्रुवीय वक्राला विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे : स्पर्शिका त्रिज्येशी किती कोन करते? उत्तर सुटसुटीत आहे : त्या कोनाचा टॅन म्हणजे अंतर भागिले अंतराचा दर. आर्किमिडीजच्या सर्पिलात हा दर कायम असतो. पहिला फेरा संपतो तिथे स्पर्शिका काढा आणि आरंभबिंदूतून त्रिज्येला लंब काढा. स्पर्शिकेने त्या लंबावर कापलेला तुकडा ती त्रिज्या असलेल्या वर्तुळाच्या परीघाएवढाच भरतो. कलनशास्त्र जन्मालाही आलं नव्हतं तेव्हा, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, आर्किमिडीजने हे सिद्ध केलं. आपल्याला त्या टॅनला अंतराने गुणलं, म्हणजेच अंतराच्या वर्गाला दराने भागलं, की झालं.

यावर कोणी म्हणेल, आडव्या-उभ्या स्पर्शिका चढावरूनच सापडतात, मग हा दुसरा कोन कशाला? चढाची गरज मान्यच आहे. पण आकृती केंद्राभोवती फिरवली की चढ बदलतो, त्रिज्येशी होणारा कोन मात्र तोच राहतो. म्हणजे तो अक्षांचा नव्हे, वक्राचा गुण. लॉगरिथमी सर्पिलात दर अंतराच्याच प्रमाणात वाढतो, म्हणून हा कोन सगळीकडे सारखा. गणिती याकोब बर्नुली या सर्पिलाने भारावला होता. कोनाचा हा सारखेपणाच चढाच्या सूत्रात नेमका झाकला जातो. खरी अडचण एकाच जागी येते : वक्र आरंभबिंदूतूनच जातो तिथे त्रिज्याच उरत नाही. पण तिथे दर शून्य नसेल, तर स्पर्शिका त्या थीटाच्याच दिशेने जाते.