खटका

भाच्याला जुनी गाडी घ्यायची होती, म्हणून मागच्या वर्षी त्याला घेऊन आमच्या मिस्त्रींकडे गेलो. विकणारा गाडी घेऊन आलाच होता. मिस्त्री बॉनेट उघडतील, खाली वाकतील, असं मला वाटत होतं. त्यांनी आधी चावी मागितली. त्या जुडग्यात गाडीच्या चावीखेरीज घराच्या दोन चाव्या, कपाटाची एक, एक पितळी गणपती आणि कुठल्याशा पतसंस्थेचा प्लास्टिकचा बिल्ला होता. मिस्त्रींनी चावी लावली, इंजिन सुरू केलं आणि जुडगा बोटाने हलकेच खाली ओढून पाहिला. इंजिन चालू राहिलं. "देव लटकवा, बाकीचं खिशात ठेवा," ते विकणाऱ्याला म्हणाले. "वजनाने खटका झिजतो."

मग भाच्याला समजावं म्हणून त्यांनी पत्र्याच्या डब्यातून एक जुना इग्निशन स्विच काढून माझ्या तळहातावर ठेवला. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, काळ्या प्लास्टिकचा. आत पितळी पट्ट्या, एक गोल फिरणारा तुकडा, आणि त्याला बाजूने दाबून धरणारी खुंटी. खुंटीच्या मागे बॉलपेनात असते तशी स्प्रिंग. फिरणाऱ्या तुकड्याच्या कडेला खाचा असतात. चावी फिरवली की खुंटी एका खाचेतून उठते, पुढच्या खाचेत बसते आणि बोटाला 'खट्' असं जाणवतं. लॉक, अॅक्सेसरी, ऑन, स्टार्ट. चावी जिथे ठेवली तिथेच राहावी एवढंच त्या खुंटीचं काम. तिच्यात ना वीज असते ना डोकं.

ही खुंटी जेमतेम १.६ मिलिमीटरने आखूड पडली, तर काय होतं याची हकिकत अमेरिकेतल्या शेव्हरोले कोबाल्ट या छोट्या गाडीची आहे. ती मी आधी वाचली होती. तळहातावर स्विच आल्यावर ती खरी कळली.

कोबाल्ट २००४ च्या अखेरीस बाजारात आली. जनरल मोटर्सच्या ओहायोतल्या लॉर्ड्‌सटाऊन कारखान्यात ती २०१० पर्यंत बनत होती. कॉलेजला निघालेली मुलगी, पहिली नोकरी लागलेला मुलगा, घरातली दुसरी गाडी, असं तिचं गिऱ्हाईक. स्वस्त, पेट्रोल कमी पिणारी. अशा गाड्या लवकर हात बदलतात. चार-पाच वर्षांत पहिला मालक मोठी गाडी घेतो आणि ही दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जाते. तिसऱ्याकडे पोचते तेव्हा तिच्याबरोबर कागद फारसे येत नाहीत.

तिचा स्विच डेल्फी या पुरवठादार कंपनीचा होता. चावी ऑनवरून अॅक्सेसरीवर यायला किमान किती जोर लागला पाहिजे हे जनरल मोटर्सनेच ठरवून दिलं होतं: २० न्यूटन-सेंटिमीटर, पाच इकडे किंवा पाच तिकडे चालतील. मिस्त्रींच्या भाषेत सांगायचं तर चावीच्या अक्षापासून एक सेंटिमीटरवर दोन किलोचं वजन टांगलं तर चावी फिरेल, त्याच्या आत फिरता कामा नये. प्रत्यक्षात भरणारा आकडा याच्या कितीतरी खाली होता. पुरवठादाराने २००२ मध्येच हे कळवलं होतं, आणि तरीही जनरल मोटर्सच्या डिझाइन इंजिनियरने स्विच मंजूर केला. तो आधी सॅटर्न आयन या गाडीत बसला आणि मग कोबाल्टमध्ये.

आणखी दोन गोष्टी जुळून आल्या. कोबाल्टचं चावीचं भोक स्टिअरिंगच्या दांड्यावर बरंच खाली होतं, चालवणाऱ्याचा गुडघा सहज लागावा असं. आणि चावीच्या डोक्यात कडी अडकवायला गोल छिद्र नव्हतं, लांबट फट होती. त्या फटीत कडी एका टोकाला सरकते आणि जुडग्याचं वजन मधोमध न लटकता बाजूला लटकतं. तराजूची दांडी लांब केली की तेच माप जड भरतं, तसंच हे. रस्त्यात खड्डा आला, जुडगा हिंदकळला, की चावी मागे सरकणार.

चावी अॅक्सेसरीवर आली की इंजिन बंद. पॉवर स्टिअरिंग बंद, म्हणजे चाक एकदम दगडासारखं जड. ब्रेक एक-दोनदा लागतो, मग त्यालाही पाय जीव खाऊन दाबावा लागतो. आणि एअरबॅगला वीज देणारी यंत्रणाही झोपते. गाडी झाडावर आदळते तेव्हा एअरबॅग उघडतच नाही.

ही शेवटची कडी जनरल मोटर्समध्ये वर्षानुवर्षे कुणाच्या डोक्यात शिरली नाही. मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत चक्रावणारं वाटतं ते हेच. गाडी चालता चालता बंद पडते ही तक्रार पहिल्या वर्षापासून होती. वर्तमानपत्रांसाठी गाड्या चालवून बघणाऱ्यांनी २००५ मध्येच तसं छापलं होतं. कंपनीत बैठका झाल्या, उपाय सुचले, आणि खर्च, वेळ, परिणाम यांचा हिशेब बसत नाही म्हणून मागे पडले. एका स्विचमागे डॉलरभरही खर्च नव्हता. पण तक्रारीवर शिक्का बसला होता 'गिऱ्हाइकाची गैरसोय' असा. गैरसोयीसाठी कुणी लाखो गाड्या परत बोलावत नाही. डीलरांना फक्त एक सूचनापत्रक गेलं: ठेंगण्या आणि जड जुडगा बाळगणाऱ्या गिऱ्हाइकांना चाव्या कमी करायला सांगा, आणि तक्रार आलीच तर चावीची फट बुजवणारा प्लास्टिकचा तुकडा बसवून द्या. गाडी चालता चालता बंद पडते असा सरळ शब्द त्या पत्रकात येऊ नये, याचीही काळजी घेतली गेली.

दुसरीकडे, त्याच कंपनीतली दुसरी माणसं कोबाल्टच्या अपघातात एअरबॅग का उघडत नाही याचा शोध घेत बसली होती. ती एअरबॅगच्या तारा तपासत होती, सेन्सर तपासत होती. दोन्ही फायली एकाच कंपनीत, वेगवेगळ्या टेबलांवर.

या दोन फायली जोडल्या एका बाहेरच्या माणसाने. ऑक्टोबर २००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्यात एक कोबाल्ट रस्ता सोडून झाडांवर गेली आणि तिच्यातल्या दोन मुली गेल्या. महामार्ग पोलिसांतल्या तपास करणाऱ्याने गाडीतल्या पेटीतली नोंद काढली. आदळताना चावी अॅक्सेसरीवर होती, एअरबॅग उघडल्या नव्हत्या. त्याने शोधाशोध करून ते सूचनापत्रक मिळवलं आणि आपल्या २००७ च्या अहवालात लिहून टाकलं की एकाचा दुसऱ्याशी संबंध असू शकतो. तो अहवाल जनरल मोटर्सच्या फायलीत जाऊन पडला. पुढे सात वर्षं.

त्या अपघाताआधीच आणखी एक गोष्ट घडली होती, आणि जुन्या गाड्यांच्या बाजाराला सर्वांत जास्त नडली ती हीच. एप्रिल २००६ मध्ये त्याच डिझाइन इंजिनियरने स्विचमध्ये बदल मंजूर केला: खुंटी लांब, स्प्रिंग जोरकस. खटका नीट बसू लागला. २००८ च्या मॉडेलपासूनच्या गाड्या कारखान्यातून सुधारलेला स्विच घेऊन बाहेर पडू लागल्या. पण भागाचा नंबर बदलला नाही. बदल झाल्याची ओळ कुठल्या रजिस्टरात दिसेना. त्यामुळे नंतर जो कुणी आकडेवारी पाहायचा तो गोंधळायचा: २००७ पर्यंतच्या गाड्यांत एअरबॅग उघडत नाहीत, पुढच्यांत उघडतात, आणि स्विच तर एकच!

मार्च २०१० मध्ये जॉर्जिया राज्यात एक तरुण नर्स तिच्या वाढदिवशीच कोबाल्टच्या अपघातात गेली. गाडी मध्येच बंद पडते म्हणून चारच दिवसांपूर्वी ती डीलरकडे दाखवून आणली होती. आईवडिलांनी वकील गाठला, वकिलाने एक इंजिनियर गाठला. या इंजिनियरने काय केलं असेल? सुटे भाग विकणाऱ्या काउंटरवर गेला, तीसेक डॉलर मोजले आणि त्याच नंबरचा नवा स्विच घेऊन आला. मग हा आणि तिच्या गाडीतला, असे दोन्ही स्विच उघडून, एक्स-रे काढून शेजारी शेजारी ठेवले. नव्यातली खुंटी लांब होती, स्प्रिंग घट्ट होती. हजारो इंजिनियरांच्या कंपनीला जे वर्षानुवर्षे सापडलं नाही, ते तीस डॉलरच्या बिलावर सापडलं. २०१३ मध्ये डिझाइन इंजिनियरला शपथेवर विचारलं, तेव्हा आपण असा बदल मंजूर केल्याचं आठवत नाही, असं तो म्हणाला. त्याच्या सहीचा कागद नंतर बाहेर आला.

फेब्रुवारी २०१४ मध्ये गाड्या परत बोलावल्या गेल्या, म्हणजे रिकॉल झाला. आधी काही लाख, आणि मार्चअखेर तो आकडा जगभरात २६ लाखांवर गेला. दुरुस्ती होईपर्यंत मालकांना दिलेला सल्ला वाचून मला आमचे मिस्त्री आठवले: कडीतून सगळं काढा, नुसती चावी लावून गाडी चालवा.

मार्चमधली वाढ पाहण्यासारखी आहे. २००८ पासूनच्या गाड्यांचे स्विच तर चांगले होते, मग त्या का बोलावल्या? कारण जुने, खराब स्विच सुटे भाग म्हणून बाजारात गेले होते, सुमारे ९५ हजार. नंबर तोच. नवी कोबाल्ट एखाद्या गॅरेजमध्ये गेली, तिचा चांगला स्विच काढला आणि शेल्फवरचा जुना बसवला, तर कुणाला कळणार? कंपनीलाही सांगता येईना कुठल्या गाडीत कुठला गेला आहे. शेवटी सगळ्याच गाड्या बोलावणं एवढाच उपाय उरला. सेकंडहँड गाडीची आठवण म्हणजे तिच्या भागांचे नंबर. मालक बदलतात, मिस्त्री बदलतात, नंबर तेवढा तिच्याबरोबर जातो, आणि इथे नंबरच खोटी साक्ष देत होता.

पुढचा हिशेब मोठा आहे, मी थोडक्यात सांगतो. कंपनीने सुरुवातीला १३ मृत्यू मान्य केले होते. केनेथ फाइनबर्ग यांच्याकडे भरपाईचं काम सोपवलं, त्यांनी १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. कंपनीने नेमलेल्या अँटन वालुकस या वकिलाने तीनशेहून जास्त पानांचा अहवाल दिला. त्यात कंपनीतल्या दोन सवयींना कंपनीतल्याच माणसांनी दिलेली नावं आहेत. 'जीएम नॉड', म्हणजे बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडून काहीच करायचं नाही. आणि 'जीएम सल्यूट', म्हणजे हाताची घडी घालून दोन्ही बोटं शेजाऱ्यांकडे. हे वाचून हसू येतं, आणि आपण ज्या ज्या कचेऱ्यांमध्ये बसलो त्यांची आठवणही येते. पंधरा जणांच्या नोकऱ्या गेल्या. २०१५ मध्ये अमेरिकी सरकारशी ९० कोटी डॉलरचा करार होऊन फौजदारी खटला टळला. गाड्या परत बोलावल्या तेव्हा मेरी बारा यांना कंपनीच्या प्रमुखपदी येऊन काही आठवडेच झाले होते, संसदेच्या समितीपुढे माफी मागायची पाळी त्यांच्यावर आली.

तेवढ्यावर जुन्या गाड्यांचा प्रश्न मिटला का? अमेरिकेत नवी गाडी रिकॉलची दुरुस्ती केल्याशिवाय विकता येत नाही. सेकंडहँड गाडीला मात्र केंद्राच्या कायद्यात अशी अट नाही. २०१६ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने जनरल मोटर्सलाच धरलं: १७२ मुद्द्यांची तपासणी केलेल्या म्हणून जाहिरात केलेल्या प्रमाणित जुन्या गाड्यांपैकी काहींची रिकॉलची दुरुस्ती राहिली होती, आणि त्यात इग्निशन स्विचचे दोषही होते. १७२ मुद्द्यांत हा एक बसला नाही.

कोबाल्ट भारतात विकली गेली नाही. पण ही कंपनी आपल्या ओळखीची आहे. तळेगावला २००८ मध्ये तिचा कारखाना सुरू झाला, तिथून बीट निघायची. २०१७ च्या अखेरीस भारतातली विक्री थांबली, २०२० च्या डिसेंबरात तळेगावचं उत्पादनही. त्या बीट अजून पुण्याच्या रस्त्यांवर दिसतात, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हातातल्या. आपल्याकडे रिकॉलला कायद्याचा आधार मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने आला, आणि नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. पण सक्तीचा हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरता आहे. आमचा भाचा जी गाडी बघत होता ती नऊ वर्षांची.

भाच्याने शेवटी ती घेतली. चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल पाहिला, तिच्यावर काही निघालं नाही. स्विच मात्र बदलून घेऊ म्हणाला. मिस्त्रींनी पुन्हा तो पत्र्याचा डबा पुढे ओढला. आत सात-आठ स्विच, काही पाकिटातले, काही उघडे, ग्रीसने माखलेले.

"यातला नवा कुठला?" मी विचारलं.

त्यांनी दोन उचलून उजेडाकडे धरले, अंगठ्याने ग्रीस पुसून खालचा आकडा वाचला आणि एक माझ्या हातावर ठेवला.

"नंबर सेम आहे ना साहेब, मग कुठलाही चालेल."