वायफायच्या दोन किल्ल्या



आपल्या गटांतल्या कितीतरी घरांत आता वायफाय आलं आहे. कुणाच्या लेकीचा अभ्यास त्यावर, कुणाच्या मसाल्याच्या ऑर्डरी त्यावर, तर कुणाच्या सासऱ्यांची कीर्तनं. कनेक्शनचा फॉर्म भरायला माणूस येतो तेव्हा घरी बहुधा बाईच असते, म्हणून आधारकार्ड तिचं लागतं. बैठकीत आम्ही विचारलं की कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, तर निम्म्या हात वर. मग विचारलं की पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

नावाची गोष्ट आधी समजून घेऊ. तुमच्या घरातून इंटरनेटवर जे काही जातं, त्याला बाहेर एक पत्ता असतो. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. घरात फोन दोन असोत की दहा, बाहेरून पत्ता एकच दिसतो, आणि कंपनीच्या नोंदीत त्यापुढे तुमचं नाव असतं. शेजारच्या गल्लीतल्या पोरानं तुमच्या वायफायवरून कुणाला घाणेरडे मेसेज पाठवले, तरी विचारपूस आधी तुमच्या दारात येणार.

असं आपल्याच राज्यात घडलेलं आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा मेल गेला होता. पोलीस माग काढत पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या माणसाचं वायफाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरून मेल पाठवला होता. चौकशीला मात्र त्या माणसाला तोंड द्यावं लागलं.

आता, घाबरवण्यासाठी लोक काहीही सांगतात, ते सगळं खरं मानू नका. कुणी नुसतं तुमच्या वायफायवर आलं म्हणून त्याला तुमचा बँकेचा ओटीपी दिसत नाही. बँकेच्या अॅपचं स्वतःचं वेगळं कुलूप असतं. त्रास होतो तो दुसरा. नेट रांगतं. घरात कॅमेरा असेल आणि त्याचा पासवर्ड कच्चा असेल, तर तो परक्याला उघडता येऊ शकतो. आणि कुणी राउटरच्याच सेटिंगमध्ये शिरलं, तर खऱ्या वेबसाइटऐवजी तुम्हाला खोट्या वेबसाइटवर नेऊ शकतं.

म्हणून किल्ल्या दोन आहेत हे लक्षात ठेवा. एक वायफायचा पासवर्ड, जो आपण पाहुण्यांना सांगतो. दुसरी किल्ली राउटरची स्वतःची, जिच्यानं सेटिंग उघडतं. ही दुसरी किल्ली पुष्कळ घरांत कुणाला माहीतच नसते.

राउटर उलटा करून बघा. खाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर एक आकडा असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. घरच्या वायफायवर असताना मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाकला की राउटरचं पान उघडतं. नाव आणि पासवर्ड विचारेल, तेही चिठ्ठीवर असतं. जुन्या राउटरला दोन्हीकडे ‘अॅडमिन’ हाच शब्द चालतो, म्हणजे कुलपाची किल्ली कुलपालाच टांगलेली. हा पासवर्ड सगळ्यात आधी बदला आणि गटाच्या वहीत नाही, घरच्या वहीत लिहून ठेवा. काही कंपन्यांचं अॅप असतं, त्यातूनही हे होतं. आणि हो, त्या चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून “हे कसं करायचं?” असं विचारू नका.

मग वायफायचा पासवर्ड. बसवणारा मुलगा घाईत मोबाईल नंबरच पासवर्ड म्हणून टाकून जातो. तुमचा नंबर किराणावाल्याच्या वहीतही आहे! नियमानं किमान आठ अक्षरं लागतात, पण आठवर थांबू नका. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत जोडा. उदाहरणार्थ चूल, रिक्षा, पेरू, आजोबा. (हे चार नको, आत्ता सगळ्या तालुक्यानं ऐकले.) तिथेच सुरक्षेचा प्रकार विचारतात, त्यात डब्ल्यूपीए३ किंवा डब्ल्यूपीए२ निवडा. डब्ल्यूईपी फार जुनं आहे, ते काही मिनिटांत फुटतं. डब्ल्यूपीएस नावाची सोय दिसली तर बंद करा. वायफायचं नाव लपवून ठेवा असा सल्ला काहीजण देतात, पण शोधणाऱ्याला ते सापडतंच.

सगळ्यात अवघड भाग शेजारधर्माचा. शेजारच्या मुलीला परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे आणि तिनं पासवर्ड मागितला, तर नाही म्हणायचं का? आमच्या मते म्हणू नये. पण एक माहीत असू द्या. बऱ्याच फोनमध्ये एकदा पासवर्ड गेला की ‘शेअर’ दाबून त्याचा क्यूआर कोड काढता येतो. एकीला दिला की गल्लीला दिला. यावर उपाय म्हणजे गेस्ट नेटवर्क. बऱ्याच राउटरमध्ये ती सोय असते. त्याला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. पाहुणे तिथे आले की त्यांचे फोन तुमच्या घरच्या कॅमेऱ्यापासून, कॉम्प्युटरपासून वेगळे राहतात, आणि काम झालं की ते नेटवर्क बंद करता येतं. बाहेर पत्ता मात्र तरीही तुमच्याच नावाचा दिसतो. म्हणून जिच्या आईला आपण ओळखतो तिलाच द्या, आणि “पुढं कुणाला देऊ नकोस गं” हे तोंडावर सांगा. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

राउटरच्या पानावर जोडलेल्या फोनची यादीही असते. रात्री जेवणानंतर ती उघडा आणि घरातले फोन, टीव्ही, कॅमेरा मोजा. नावं विचित्र दिसतात, म्हणून एकेका फोनचं वायफाय बंद करून कोणतं नाव जातं ते बघा. सगळं बंद केल्यावरही एखादं उरलं, तर ते परकं. त्याला एकट्याला शोधत बसू नका, पासवर्डच बदला, सगळेच बाहेर जातात.

घरातले फोन आणि टीव्ही मग नव्यानं जोडावे लागतात, त्याला अर्धा तास धरा. राउटरच्या मागचं बारीक भोक टाचणीनं दाबू नका. त्यानं कंपनीनं केलेलं सेटिंगही पुसलं जाऊ शकतं, आणि मग माणूस येईपर्यंत घर नेटशिवाय. पासवर्ड बदलायचं काम दुपारी करा, क्रिकेटची मॅच चालू असताना नको.