आधी लिलाव, मग फोन

परवा कपाटाच्या खणात जुना डोंगल सापडला. पांढरा, टोपण हरवलेला. 2011च्या सुमारास तो आमच्या खिडकीच्या गजाला रबरबँडने बांधलेला असायचा, कारण रेंज तिथेच यायची. गजापासून लॅपटॉपपर्यंत हातभर वायर. दिवा निळा झाला की थ्रीजी, हिरवा झाला की टूजी. पोहे खाता खाता सगळं घर त्या दिव्याकडे बघत असे.

त्या निळ्या दिव्याचा हिशेब दहा वर्षं आधी युरोपात मांडला गेला होता. मार्च-एप्रिल 2000 मध्ये ब्रिटनने थ्रीजीच्या लहरींचा लिलाव केला. परवाने पाच, बोली लावणारे तेरा, फेऱ्या दीडशे. सरकारला मिळाले 2,247 कोटी पौंड. ऑगस्टमध्ये जर्मनीतला आकडा 5,000 कोटी युरोंपर्यंत पोहोचला. आणि ज्यावर हे सगळं चालायचं तो फोन? तो अजून दुकानातच आला नव्हता. बाजारात तुरी! जर्मनीत मोबिलकॉम कंपनीने 800 कोटींहून जास्त युरो मोजून घेतलेला परवाना 2003 मध्ये चक्क परत केला.

जपानने असा लिलाव केला नाही. तिथे डोकोमो कंपनीने 1 ऑक्टोबर 2001 रोजी टोकियो परिसरात 'फोमा' ही थ्रीजी सेवा सुरू केली. मे महिन्याचा मुहूर्त टळला होता. वेग सेकंदाला 384 किलोबिट. पण बॅटरी लवकर उतरायची, आणि शहराबाहेर गेलं की सुरुवातीच्या फोनना जुनं नेटवर्कही पकडता येत नसे. म्हणजे महागडा फोन खिशात आणि बोलायची सोय नाही. लोक जुनाच हँडसेट वापरत राहिले, यात नवल ते काय?

ब्रिटनमध्ये 'थ्री' कंपनीने थ्रीजी सुरू करायला हौसेने 3 मार्च 2003 ही तारीख साधली. जाहिरात व्हिडिओ कॉलची. समोरच्याकडेही तसाच फोन हवा, ही अडचण जाहिरातीत कशी सांगणार? गिऱ्हाईक खऱ्या अर्थाने डेटाकडे वळलं ते पुढे, वेग वाढल्यावर आणि 2008च्या जुलैत आयफोन थ्रीजीसोबत अ‍ॅपचं दुकान उघडल्यावर.

आपल्याकडे सरकारी एमटीएनएलने डिसेंबर 2008 मध्ये दिल्लीत थ्रीजीची सुरुवात केली. खाजगी कंपन्यांसाठीचा लिलाव 2010 मध्ये झाला: 34 दिवस, 183 फेऱ्या, 67,719 कोटी रुपये. संपूर्ण देशाचा परवाना एकाही कंपनीला जमला नाही. दहा वर्षांपूर्वीचा लंडनचा खेळ पाहूनही बोली काही आवरल्या नाहीत.

गंमत म्हणजे, या लिलावाआधीच, 14 डिसेंबर 2009 रोजी, स्टॉकहोम आणि ऑस्लोत फोरजी सुरू झालं होतं. तिथेही पहिल्या गिऱ्हाइकांच्या हाती फोन आला नाही. आला तो डोंगल.