अडीच घरांची कादंबरी

पॅरिसमधल्या एका इमारतीची दर्शनी भिंत उचलून बाजूला ठेवलीय, अशी कल्पना करा. समोर आडव्या दहा, उभ्या दहा, अशा शंभर चौकटी. कुठे दिवाणखाना, कुठे जिन्याचा तुकडा, कुठे तळघर. जॉर्ज पेरेक या फ्रेंच लेखकाची १९७८ सालची ‘ला व्ही मोद दांप्ल्वा’ ही जाडजूड कादंबरी म्हणजे या चौकटींमधली भटकंती. एका प्रकरणात एक चौकट. पुढची कोणती, ते बुद्धिबळाचा घोडा ठरवणार! अडीच घरं उड्या मारत, एकाही घरात दुसऱ्यांदा न शिरता त्याने पट हिंडायचा. (हा नाद आपल्याकडेही जुना. नवव्या शतकातल्या रुद्रटाने घोड्याच्या चालीने वाचायचा श्लोक रचला होता.)

पण खोलीत शिरल्यावर तिथे दिसणार काय? पेरेकने बेचाळीस याद्या केल्या, प्रत्येकीत दहा नोंदी: कापड, रंग, फुलं, पेयं, प्राणी, दागिने, चित्रं. दोन-दोन याद्यांच्या जोड्या लावल्या. आता प्रत्येक खोलीला प्रत्येक यादीतली एक नोंद मिळावी, आणि कोणतीही जोडी पुन्हा येऊ नये.

हे कसं जमतं ते कागदावर करून बघण्यातच मजा आहे. तीन माणसं घ्या: आजी, भाडेकरू, विद्यार्थी. तीन वस्तू: छत्री, पत्र, पातेलं. तीन मजल्यांवर तीन-तीन खोल्या.

आजी–छत्री, भाडेकरू–पत्र, विद्यार्थी–पातेलं
भाडेकरू–पातेलं, विद्यार्थी–छत्री, आजी–पत्र
विद्यार्थी–पत्र, आजी–पातेलं, भाडेकरू–छत्री

आडवं बघा, उभं बघा: प्रत्येक माणूस आणि प्रत्येक वस्तू एकेकदाच. नऊ खोल्या, नऊ वेगळ्या जोड्या. आजीच्या हातात पातेलं आपण कुणीही दिलं असतं. पण वरच्या मजल्यावर, घरात बसून, ती छत्री कशाला धरून बसलीय? छप्पर गळतंय का? छत्री कुणाची राहून गेलेली आहे? हा प्रश्न आपल्याला आपणहून सुचला नसता, तो चौकोनाने विचारला. आणि उत्तर द्यायचं तर आजीच्या काळी छत्र्या कशाच्या असत, दुरुस्त कोण करी, हे शोधायला उठावंच लागतं. मला तरी या खेळाचं खरं देणं हेच वाटतं. आपल्या आवडीच्या विषयांभोवती घुटमळणाऱ्याला तो भलत्याच दारात नेऊन सोडतो. पेरेक पोटापाण्यासाठी एका वैद्यकीय संशोधन प्रयोगशाळेत शास्त्रीय लेखांची कार्डं लावायचा. त्याला अशा शोधाशोधीची सवयच होती.

आता गंमत. असा चौकोन दहाचा होऊ शकतो, हे १९५९ पर्यंत पावणेदोनशे वर्षं कुणालाच ठाऊक नव्हतं. उलट लिओनार्ड ऑयलरसारख्या गणितज्ञाने १७८२ साली अंदाज बांधला होता की दोन, सहा, दहा, चौदा अशा आकाराचे चौकोन अशक्य आहेत. सहाच्या बाबतीत तो बरोबर ठरला. पण १९५९ मध्ये राजचंद्र बोस, शरदचंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर या तिघांनी दाखवून दिलं की दोन आणि सहा सोडले तर सगळे जमतात. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे पुढे मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्या शोधाने शक्य ठरलेल्या चौकोनात पेरेकने आपले भाडेकरू वसवले. मराठी वाचकाने हे अभिमानाने मिरवायला हरकत नाही.

एवढा काटेकोर हिशेब, तरी कादंबरीत प्रकरणं नव्याण्णवच. एक तळघर पेरेकने मुद्दाम गाळलं. शिवाय त्याच्या बेचाळीस याद्यांत दोन वेगळ्याच होत्या: एक सांगायची की इथे अमुक नोंद वगळ, दुसरी म्हणायची की तमुक नोंद चुकीची घाल.